प्रेमलताबाईंना गाडी लागते

पांढुर्ण्याच्या स्टँडवर जबलपूरची बस येऊन उभी राहते न राहते, तोच रघुनाथरावांनी धाव घेतली आणि बाहेरूनच खिडकीतून आपला दुपट्टा आतल्या सीटवर टाकला. खिडकीची जागा पक्की झाली. आता साक्षात ब्रह्मदेव आला असता, तरी तिथं बसला नसता. मग ते निवांतपणे प्रेमलताबाईंना आणायला गेले.

खिडकी हवीच होती. आज सौंसरला मुलाचं, अमितचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. नवरदेवाची आई मोतिया रंगाचा नवा कोरा शालू नेसून निघालेली, आणि बाईंना गाडी लागायची. तीही अशी, की इंजिन घरघरलं की तोंडाला पदर, अन् मोहगावच्या फाट्यापर्यंत सगळा कारभार आटोपलेला. जीपमध्ये तर बसल्या जागीच. म्हणून बाकीची मंडळी जीपनं पुढं गेली होती आणि हे दोघं मागून बसनं. होणाऱ्या विहीणबाईंसमोर ओकारीनं भरलेला शालू घेऊन उतरायचं, म्हणजे जन्माची शोभा.

दोघं बसमध्ये चढले, तर आत महाभारत पेटलेलं.

"इथं माहा रुमाल होता."

"होता ना? मंग दाखव, कोठी हाय?"

झालं होतं असं, की सगळ्यांच्या आधी एक गोरी पोरगी चढली होती. रिकाम्या बसमध्ये सीटोसीट रुमाल, टोप्या, पिशव्या, एका ठिकाणी तर नुसती चप्पल पाहून तिला वाटलं, मागच्या खेपेची माणसं किती विसरभोळी. बिचारीनं सगळं गोळा केलं, घड्या घातल्या आणि ड्रायव्हरजवळच्या बोनेटवर नीट मांडून ठेवलं. मग ती एका खिडकीशी जाऊन बसली. खिडकी कोणती, ते सांगायला नकोच.

आता जो जिथं टेकला, ती त्याची जागा. भांडण मात्र पोरीला भलतंच आवडलेलं दिसत होतं. ती ज्याच्या-त्याच्याकडं पाहून हसत होती. प्रेमलताबाई तिच्या शेजारी कशाबशा टेकल्या आणि बस सुटली.

"अवो, तिले सांगा ना," त्या पदराआडून म्हणाल्या. "माहं पोट आत्ताच ढवळून राहिलं."

रघुनाथराव शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. इंग्रजीला ते कधी घाबरले नाहीत, इंग्रजीच त्यांना घाबरायची. दगड लागतो, चेंडू लागतो, त्याला हिट म्हणतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते दांडा धरून वाकले.

"मॅडम, माय वाइफ. बस हिट्स हर."

पोरीचं हसू मावळलं. "व्हेन?"

"ऑल्वेज."

"धिस बस?"

"एनी बस. जीप आल्सो. जीप, मोअर."

"अँड ट्रेन?"

"ट्रेन, नो," रघुनाथराव जरा अभिमानानंच म्हणाले. "ट्रेन नेव्हर हिट."

पोरीनं प्रेमलताबाईंना नखशिखान्त न्याहाळलं. हातपाय जागेवर होते. तिच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. ती उठली, बाईंना हाताला धरून खिडकीशी बसवलं, त्यांच्या दंडावरून हात फिरवला आणि तडक ड्रायव्हरकडं गेली.

"स्लो, प्लीज. दॅट लेडी. प्लीज."

भूपेंद्र ड्रायव्हर म्हणजे ब्रेक कशाला दिलेला असतो, हे विसरलेला माणूस. पण त्याला जन्मात कोणी प्लीज म्हटलं नव्हतं. तो पार विरघळला. बस बैलगाडीसारखी चालायला लागली. पोरगी बोनेटपाशी उभी राहून पुढचा रस्ता पाहायची आणि खड्डा दिसला की मागं वळून हात वर करायची. थोड्या वेळानं सगळ्या बसलाच त्याचा नाद लागला.

"खड्डा आला वो मावशी, धरून बसा."

रुमालाचं भांडण कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. कोणी संत्री काढली, कोणी आवळासुपारीची पुडी पुढं केली, मागच्या बाया गाणी म्हणायला लागल्या. "अशानं जबलपूर उद्या येईन," एक जण कुरकुरला, तर नितीन कंडक्टर म्हणाला, "तूच सांग ना मॅडमले." त्यानंही मग एक संत्रं सोलायला घेतलं.

मोहगावचा फाटा दिसला, तशी रघुनाथरावांनी खिशातली प्लास्टिकची पन्नी काढून तयार ठेवली. पण प्रेमलताबाईंचं तिकडं ध्यानच नव्हतं. पोरीला त्यांनी शेजारी ओढून बसवलं होतं आणि तिच्या हातावर संत्र्याच्या फोडी ठेवता ठेवता चांगल्या खणखणीत वऱ्हाडीत सांगत होत्या, "माह्या पोराचं साक्षगंध हाय आज. पोरगी लय गुणाची भेटली. तू काहून एकटी फिरून राहिली, बाप्पा? मायबाप हायेत ना?" पोरगी प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणत होती. फाटा मागं पडला. रघुनाथरावांच्या हातातली पन्नी वाऱ्यावर नुसतीच फडफडत राहिली.

सौंसरच्या स्टँडवर व्याही-विहीण ताटकळून उभे होते. प्रेमलताबाई उतरल्या. शालूला डाग तर सोडाच, साधी चुणीही नव्हती. विहीणबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढं झाल्या, व्याह्यांनी हात जोडले. प्रेमलताबाई मात्र मागं वळून बसकडंच पाहत होत्या. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन पोरगी हात हलवत होती. तिला जबलपूरला जायचं होतं.

"अवो, उभे काय राहिले असे?" त्यांनी रघुनाथरावांना ढोसलं. "गाडी सुटून राहिली ना. तिले सांगा, आपली वापसीची बस पाचची हाय, टाइमावर ये म्हणा."