आधी उत्तर, मग जागा

सर्व्हर पुन्हा बंद पडला. इच्छापोरच्या यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या कारखान्यात गेटपास निघेनात आणि मालाच्या गाड्या फाटकावर अडकल्या. "योगेंद्रभाई, गाडीओ बहार ऊभी छे!" भाईदासशेठ दारातूनच ओरडून गेले. सर्व्हर सांभाळणाऱ्या योगेंद्रने नुसती मान हलवली. उलट बोलायलाही अंगात त्राण लागतं.

दुखणं कळलं होतं. "हल्ला बाहेरून होतोय, पण खोट आपल्या यंत्रणेच्या गाभ्यात आहे, कर्नलमध्ये," तो शेजारच्या टेबलावरच्या धनश्रीला म्हणाला. "नेटवर्कवरून कुणीही 'येतो' म्हटलं, की हा त्याच्यासाठी मेमरीत जागा धरून ठेवतो. तो आला नाही तरी जागा अडलेलीच. असे हजारो खोटे 'येतो' आले की मेमरी संपते, आणि खरा माणूस बाहेर राहतो."

"म्हणजे तुमचंच घर की!" धनश्री हसली.

तिचं काही चुकलं नव्हतं. शहरातल्या लिंबायत वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत गावाकडचा जो तो कामाच्या शोधात येऊन उतरे. दोन दिवसांसाठी आलेला छगन आखाजीच्या सणापासून तिथेच होता. योगेंद्रला कुणालाच नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड याची आणि भाकरी थापायच्या त्याच्या बायकोने, रंजनाने. आठवडाभर ती अंगात ताप घेऊन थापत होती. आज सकाळी ती भांडलीसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, "आखो एक मानूस वाढना, तं मी माहेरले चालनी जासू." योगेंद्र खरोखर घाबरला होता.

नव्या कर्नलमध्ये दुरुस्ती होती, आणि ती साधीच होती. 'येतो' म्हणणाऱ्याला लगेच जागा द्यायची नाही, उलट त्यालाच विचारायचं. खरा असेल तो उत्तर देतो, मग जागा. खोटा गप्प बसतो. योगेंद्रने तो कर्नल चढवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळा झाला.

तेवढ्यात हिलालचा फोन आला. हिलाल त्याच्याच गावचा, स्टेशनवर रिक्षा चालवणारा. गावाहून उतरलेला प्रत्येक पाहुणा तोच घरी आणून सोडी.

"योगूभाऊ, गावनं एक मानूस उतरेल शे. लई येऊ का?"

एरवी 'आन' हा शब्द तोंडून आपोआप निघून जाई. आज रंजनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"कोन शे? कितला दिन ऱ्हाई? आधी सांग, मंग आन."

पलीकडे कुजबुज झाली. मग काहीच ऐकू येईना. मग फोन बंद झाला.

स्क्रीन उजळला. गेटपास भराभर निघू लागले. "बघ, खोटा गप्प बसतो," योगेंद्र धनश्रीला म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी दारातून परतवलं होतं, आणि थकलेल्या जिवाला त्याचं फार बरं वाटलं.

संध्याकाळी घरी पोचला तर रंजना उंबऱ्यातच उभी होती. आजचा पराक्रम सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ती त्याच्या मागे, गल्लीत बघत होती.

"माय कोठे शेतस?" तिने विचारलं.

सासूबाईंना, सुभद्राबाईंना, तिनेच दुपारच्या गाडीने बोलावलं होतं. छगनला आणि बाकीच्यांना गोड बोलून दुसरी खोली बघायला लावायचं काम त्या करणार होत्या. पोराला भीड पडते, हे सुभद्राबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याला आधी कळवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं होतं.

योगेंद्रने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "हिलाल, दुपारना मानूस कोन व्हता?"

पलीकडे रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"तुनी माय व्हती, भाऊ. परतनी गाडीमा बसनी ती. मी म्हनं, नाव सांगी देस. तं म्हने, पोरना घरमा जावाले नाव सांगनं पडस का?"