डावा कान, उजवा कान

डाव्या कानात मोताळ्याचे एक गृहस्थ संतापले होते. उजव्या कानात गोजरबाईंचा श्वास चालू होता. करिष्मा दोन्ही ऐकत होती आणि एकालाच उत्तर देत होती.

"बाई, कूलर नुसता घरघर करून राह्यला. हवा कुठं हाय?"

"आपली अडचण मला समजली. मी तक्रार नोंदवून घेते." तिने 'घेते'वर जरा जोर दिला.

मेहकरच्या त्या खोलीत दोन संगणक शेजारीशेजारी होते. एक कंपनीचा, त्यावर ग्राहकांच्या फोनांखेरीज दुसरे काही चालवायला मनाई. दुसरा घरचा, जुना. त्यात मागल्या खोलीतला माइक ऐकू येई. तिथे सासूबाई, गोजरबाई, पडून होत्या. अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती, आणि ठसका केव्हा जिवावर बेतेल याचा नेम नव्हता. नवरा भागवत लग्नांत साउंड लावणारा. त्याने दोन्हींच्या वायरी एका छोट्या मिक्सरमध्ये आणल्या आणि एकच हेडफोन बायकोच्या डोक्यावर चढवला. मिक्सर म्हटल्यावर गोजरबाईंना चटणीच आठवली असती. पण तसे म्हणायला वाचा हवी होती.

वाचा होती तेव्हा गोजरबाई सुनेच्या नोकरीतल्या बोलण्याला हसत. "आली माही पुण्याची मॅडम! बाई हाय म्हून 'करते' म्हनतं काय वं? आपल्या इकडं बाया बी 'करतो'च म्हनतात."

कंपनीला खटकत होते ते नेमके हेच. मराठी गद्य पहिल्यांदा वऱ्हाडात लिहिले गेले असे विद्वान सांगतात. त्याच वऱ्हाडाची बोली पुण्याच्या कार्यालयात 'उच्चारदोष' या सदरात मोडत होती. देखरेखीच्या वंदना मॅडम कोणताही फोन मध्येच ऐकत आणि कडक इस्त्रीच्या मराठीत ताकीद देत: "स्त्रीने 'मी करतो' म्हणणे हास्यास्पद आहे." करिष्माला दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्या चुकीला काम बंद. आणि सासूच्या श्वासावर कान ठेवून करता येईल असे दुसरे काम मेहकरात नव्हते.

"तक्रार क्रमांक लिहून घेता का?" ती विचारत होती, तेवढ्यात उजव्या कानातला श्वास थांबला. मग खरखरला. मग, कित्येक महिन्यांनी, त्यातून शब्द निघाला.

"पोरी... पानी."

"हाव, आत्याबाई! देतो नं! आली मी, देतो!"

करिष्माने तोंडावर हात दाबला. डाव्या कानात बारीकसे 'टिक' वाजले. ग्राहकाची लाइन थांबवून मॅडम आत आल्या होत्या.

"करिष्मा, हे काय होते?"

"मॅडम, सासूबाई बोलल्या. त्यांची वाचा गेली होती. पाणी मागितलं त्यांनी." घसरलेला सूर सावरत ती पुढे म्हणाली, "मी... 'देते' म्हणायला हवं होतं."

पलीकडे इस्त्रीची घडी मोडली.

"जाय वं, आधी बुढीले पानी दे," वंदना मॅडम म्हणाल्या. "मोताळ्याचा फोन मी घेतो."