तीस मीटरवरची पाटी

१९९६ साल. नौदलातून निवृत्त झालेले माझे यजमान इंदापूरजवळच्या धरणात दोघांना खोल बुडी मारायला शिकवत होते. पास होईल त्याला धरणाच्या दारांच्या दुरुस्तीची कायमची नोकरी मिळणार होती. तीस मीटरच्या पुढे टाकीतली हवाच दारूसारखी चढू लागते, म्हणून तिथे पोचल्यावर हे एक पाटी समोर धरत. तिच्यावर उद्याचा वार विचारलेला असे. उत्तर चुकलं की सरळ वर, आणि नापास.

बारामतीच्या मोहितने झटकन उत्तर लिहिलं. निरवांगीचा बिरदेव पाटीकडे बघून नुसता हसला.

“याला चढली!” हे वर येताच म्हणाले.

“बिरोबाची आण, सायेब, न्हाय चढली!”

“चढलेला प्रत्येक जण हेच म्हणतो.”

मोहित त्या नोकरीत मोठा साहेब झाला. बिरदेव मेंढरांमागे परत गेला. हे चार वर्षांपूर्वी वारले, शेवटपर्यंत आपला निर्णय बरोबर मानत.

माझा राग मात्र अजून गेलेला नाही. त्या दिवशी मी यांच्याशी कडाकडा भांडले होते, तर म्हणाले, “निकाल कळवलाय, आता गप्प बस.” मी भांडले त्याला कारण होतं. काठावर बिरदेवला चहा देताना मी तीच पाटी त्याच्यापुढे धरली होती. कोरड्या जमिनीवरही तो नुसता, ओशाळं हसला.


“काकू, ह्ये विंग्रजीत हाय. मला कुठं वाचाया येतंय?”