बुटाची साक्ष

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेल्या अपिलाच्या मंडळापुढे हवालदार हणमंत जगदाळ्यांचे जुने बूट टेबलावर ठेवले होते आणि त्या बुटांनीच नोंदवलेली बावीस वर्षांची पावलं पडद्यावर सरकत होती. एकूण एक हिरवी.

"तुमच्या बुटांनी पाय दुखल्याचा लाल दिवा एकदाही दाखवला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग अपंगत्व कसलं?"

हणमंतांनी बाईंच्या शेजारी बसलेल्या काटकर साहेबांकडे पाहिलं. पाऊल लंगडं पडून लाल दिवा लागला की जवानाची पलटणीतून रवानगी होई. म्हणून दुखरी टाच तशीच दाबून, कमरेतून झोक देत बुटाला चकवायचं कसं, हे सगळ्या तुकडीला याच काटकरांनी शिकवलं होतं. त्या झोकानेच मणके झिजले होते.

"साहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना."

काटकर कागद चाळत राहिले. "बूट खोटं बोलत नाहीत, जगदाळे. हवं तर आत्ता घालून चालून दाखवा."

हणमंतांनी बूट चढवले. आज चकवायचं नाही, टाच टेकेल तशी टेकू द्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. काठी बाजूला ठेवून ते उभे राहिले, तोच काटकरांचा जुना, करडा आवाज खोलीत घुमला.

"जगदाळे, तेज चल!"

पाठ आपोआप ताठ झाली. डावा पाय उचलला गेला, कमरेने झोक घेतला. दहा पावलं, दहाही हिरवी.

भिंतीपाशी ते थांबले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"शाबास," मागून काटकर म्हणाले.