आशाबाईची हाक

मोहफुलं वेचताना अस्वलानं चंचलची मांडी फाडली आणि माझा खांदा. आशाबाई डबा बडवत, मुद्दाम त्याच्या समोरून नाल्याकडे पळाली. अस्वल तिच्या मागे गेलं.

"माही हाक येत राहीन तवरक थांबू नका," ती ओरडली.

हाक येत राहिली. चंचलला सावरत मी रस्ता गाठला.

रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर आशाबाई धापा टाकत बसली होती.

"पहिल्याच वळणावर गळा बसला," ती कुजबुजली. "मंग मुकाट्यानंच पळाली."

एसटी आली. तिनं आम्हा दोघींना आत चढवलं, पदर फाडून चंचलची मांडी बांधली. तेवढ्यात नाल्याकडून पुन्हा हाक आली. आवाज तिचाच होता, आता घोगरा झालेला.

आशाबाई खाली उतरली.

"थकली असन बिचारी," ती म्हणाली. "घेऊन येतो तिले."