स्वतःचे ठोके

तंत्रज्ञाने साबणाच्या वडीएवढी चकती नवऱ्याच्या छातीवर ठेवली. कातडीखाली पेसमेकरच्या मशीनचा उंचवटा दिसत होता, बरोबर त्याच्यावर. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. नवरा शर्टाची बटणं सोडून डोळे मिटून पडला होता आणि ती बाजूच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दर सहा महिन्यांनी ही तपासणी असे, आणि त्या दिवशी सकाळपासून नवरा घरात कुणाला मोठ्याने बोलू द्यायचा नाही. तसा एरवीही द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी मशीन बसवलं तेव्हापासून त्याचं हृदय म्हणजे घराच्या मधोमध ठेवलेली काचेची बरणी झाली होती. सगळ्यांनी वळसा घालून चालायचं.

"काका, एकदम फर्स्ट क्लास," तंत्रज्ञ म्हणाला. माणूस बोलघेवडा होता. "काकू, हे बघा. ठोक्याआधी ही उभी काठी दिसते ना, तो मशीनचा ठोका. बिनकाठीचा, तो काकांचा स्वतःचा."

"म्हणजे सगळे मशीनचे नसतात?" तिने विचारलं.

"छे हो! हृदय आपलं आपणच चालतं. वरच्या कोपऱ्यात एक गाठ असते, तिथून इशारा येतो. इशारा आला की आधी वरचे कप्पे आवळतात, मग खालचे, की गेलं रक्त पुढे. काकांची गाठ मधूनच डुलकी काढते. तेवढाच ठोका मशीन भरून काढतं. एरवी राखीव खेळाडूसारखं बाकावर बसून असतं."

"आणि धक्का बसला, जिवाला घोर लागला, तर?"

"तर वाढणारच की ठोके. तुमचे-माझे वाढतात तसेच. मशीन फक्त खाली जाऊ देत नाही. वर जायला ते अडवत नाही कुणाला."

नवऱ्याने तिला नेमकं उलटं सांगितलं होतं. आपलं हृदय आता मशीनच्या ताब्यात आहे, त्याला धक्का सोसणार नाही. जूनमध्ये मुलगी इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखी 'बाबांना बोलव' म्हणत होती, तेव्हाही त्याने हेच सांगितलं. मला तिला तसं बघवणार नाही, तू जा. आणि ती एकटीच इस्पितळात गेली. शिवाय मुलीच्या उशाशी बसून नवऱ्याचीच वकिली करत राहिली. बाबा घरी तळमळतायत गं, त्यांचा सगळा जीव तुझ्यात अडकलाय. मुलगी दाराकडे बघत बघत गेली. त्यानंतर पाच महिने ती स्वतःही 'बाबा घरी तळमळतायत' या एका वाक्यावर तग धरून होती. तेवढं जरी खरं असलं, तरी बाकीचं सगळं पोटात घालायची तिची तयारी होती.

"एखाद्या दिवसाचं सांगता येतं?"

"येतं की. गेल्या खेपेला काका चक्कर येते म्हणाले, म्हणून रोजचा आलेख साठवायला लावला होता. बोला तारीख."

"सतरा जून. दुपारी दोन ते पाच."

नवऱ्याने डोळे उघडले. "आता ते कशाला उकरून काढतेस?"

तंत्रज्ञाने तोवर आलेख काढलाही होता. "वा! बासष्ट, एकसष्ट, बासष्ट. सगळे स्वतःचे. मशीनला काही कामच पडलं नाही. हालचाल शून्य, म्हणजे मस्त झोप लागलेली दिसतेय." त्याने कौतुकाने नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. "एक ठोका चुकलेला नाही, काका!"

तिला रडू आलं नाही. राग आला. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी आवळून धरली.

"लागला असेल डोळा," नवरा छताकडे बघत म्हणाला. "मीही माणूसच आहे."

"तीन वाजून वीस मिनिटांनी गेली आपली पोर," ती म्हणाली.

तंत्रज्ञाने उगाचच चकतीची वायर सारखी केली. मग घसा खाकरून म्हणाला, "एक शेवटची चाचणी. मशीनकडून ठोके जरा वाढवून बघतो. धडधडेल, घाबरायचं नाही."

आकडा ऐंशीवर गेला. नव्वद. शंभर. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि गच्च धरलं. "अगं, काहीतरी होतंय मला. जाऊ नकोस. इथेच थांब माझ्याजवळ." त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि कानाकडे गेलं. पाच महिन्यांत ते तिने पहिल्यांदा पाहिलं.

"झालं, काका, झालं. आणतोय खाली," तंत्रज्ञ घाईने म्हणाला.

तिने मनगट सोडवून घेतलं नाही. पडद्यावरच्या आकड्यावरची नजरही हलवली नाही.

"अजून थोडं वाढवता येतं का?" तिने विचारलं.