बँकॉकची पायपीट

“टॅक्सी नको गे! पाय काय डिचोलीला ठेवून आलोय मी?”

असं म्हणून कृष्णनाथ पुन्हा चालू लागले. बँकॉकचं ऊन डोकं भाजून काढत होतं. समोरून माणसांचा लोंढा, मागून फुटपाथवरच चढलेली मोटारसायकल. तनया छत्री धरून बापामागे धावत होती. सकाळपासून हेच चाललं होतं.

उद्या बाबा गोव्यात मोप्याला उतरणाऱ्या विमानाने परत जाणार होते. आणि उद्याच तनयाला, ती काम करत होती त्या हॉटेलच्या बेकरीत कळवायचं होतं, इथली कायमची नोकरी घेते की नाही ते. तिला ती जिवापाड हवी होती. पण बाबांचा होकार नव्हता. नकारही नव्हता. एकुलती एक मुलगी, त्यात परका देश. आईने तर फोनवर हातच झटकले होते, “बाबा म्हणतील ते.”

आणि बाबा काय म्हणत होते? “ही भाजी कसली?” “हा कालवा कुठं जातो?” “इथली माणसं दुपारची झोपत नाहीत काय गे?” हद्द झाली! तिच्या खोलीकडे जाणाऱ्या गल्लीत शिरून ते विजेचे खांब बघत सुटले. एका दवाखान्याच्या दारात उगाचच घुटमळले. सुक्या मासळीच्या दुकानात नाक खुपसून “आमच्यासारखीच गे!” म्हणत खूश झाले. तनयाला हसूही येत होतं आणि रडूही. हा माणूस शहर बघायला आलाय की आपल्याला न्यायला, काही कळायला मार्ग नव्हता.

तिच्या इमारतीखाली नूडल्सची एक गाडी होती. गाडीवरच्या म्हातारीने तनयाला पाहिलं मात्र, हातातला डाव नाचवत तिने पोरीला फैलावर घेतलं. तनया मान खाली घालून ऐकत राहिली.

“काय म्हणते ती?”

“तुम्ही यायच्या आदल्या रात्री मी न जेवता झोपले. त्यावरून अजून ओरडतेय.”

“असं?” कृष्णनाथांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला. मग तिथल्याच स्टुलावर बसून वाडगाभर रस्सा रिचवला, वर आणखी मागून घेतला. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण माणूस उठायला तयार नव्हता.

पुढच्या कोपऱ्यावर एक छोटंसं देऊळ लागलं. देव अनोळखी, पण गळ्यात झेंडूच्या माळा. बाबांनी चपला काढल्या आणि त्या फुलांकडे ते टक लावून बघत राहिले. आता मात्र तनयाचा धीर सुटला. घरी कौल लावल्याशिवाय विहीरसुद्धा खणली नव्हती त्यांनी. गावच्या देवाच्या अंगावर भटजी ओल्या पाकळ्या चिकटवणार. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जन्मात कधी बाबांनी तो शब्द मोडला नव्हता.

“बाबा, निघायच्या आधी माझ्यासाठी कौल लावलात ना?”

“लावला.”

“मग?”

“डावी पडली.”

म्हणजे संपलं सगळं. बेकरी संपली, पहाटेची ती गरम भट्टी संपली, स्वतःच्या कमाईची एवढीशी खोली संपली.

“मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं! मी बॅग भरली असती. मला असं उन्हातान्हात कशाला फिरवलंत?” भर रस्त्यात तिला रडू फुटलं. जाणारे-येणारे वळून बघू लागले.

कृष्णनाथ गडबडले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तिच्या हातात कोंबला.

“रडू नको गे. बेकरीवाल्यांना होय सांग.”

तनयाने रुमालाने डोळे पुसले. “आणि देव?”

“देवाला मी घरी जाऊन गाऱ्हाणं घालतो. पायावर डोकं ठेवतो, माफी मागतो.” बाबांनी चपला पायात सरकवल्या. “पण बाय, तो देवळात बसून बोलला. मी इथं चालून बघितलं.”